पेपरतात्यांचा पूल

छत्र्यांच्या कारखान्यात पेपर वाचून दाखवायला माणूस ठेवलेला होता असं सांगितलं, तर लोक म्हणतील, काहीही फेकतोस. खरं तर ठेवलेला नव्हताच. तात्या तिथले कारागीरच होते, बाकीच्या आठ जणांसारखे. लांबट खोली, वर पत्रा, दोन्ही भिंतींना बसके बाक, मधे काड्यांच्या मोळ्या आणि काळ्या कापडाचे ढीग. सांगाड्यावर कापड चढवायचं, प्रत्येक काडीच्या टोकाशी आणि मध्यावर सुईनं टाका घालायचा, छत्री उघडून बघायची, मिटायची, बाजूला टाकायची. दिवसभर हेच. हात गुंतलेले आणि डोकं रिकामं, असलं काम. त्या रिकाम्या डोक्यात काहीतरी घालावं म्हणून फार पूर्वी कुणीतरी एक रीत पाडली होती. मालकाचा वाचून झालेला पेपर अकराच्या चहाबरोबर खाली यायचा, तात्या खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसायचे आणि तासभर मोठ्यानं वाचायचे. तेवढ्या वेळात बाकीचे आठ जण तात्यांच्या ढिगातल्या प्रत्येकी दोन छत्र्या करून द्यायचे. वाचून झालं की पेपर फाडून छत्र्यांच्या मुठींना गुंडाळायचा, म्हणजे रंगाला ओरखडा पडत नाही. दुपारी एकपर्यंत त्या दिवसाचं सगळं जग असं गुंडाळून खोक्यात गेलेलं असे.

सगळे त्यांना पेपरतात्या म्हणत. नातेवाइकांत तात्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, घरी बायको दोन वाक्यांवर तिसरं बोलू देत नव्हती, पण त्या स्टुलावर बसून त्यांनी चष्मा पुसायला घेतला की आठ माणसं गप्प व्हायची. हे सुख ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

सुखापलीकडेही एक गोष्ट होती, ती तात्या कुणाला बोलले नव्हते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडत चालली होती. सकाळी शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. सुई धरली की अंगठ्याच्या मुळापासून कळ निघायची. दिवसाच्या छत्र्यांपैकी जेमतेम निम्म्या त्यांच्या हातून व्हायच्या, बाकीच्या त्या वाचनाच्या सोळांत भरून निघायच्या. ते सोळा गेले की तात्याही गेले, इतका सरळ हिशेब होता.

आणि ते जायची वेळ आली होती. लोकांना पेपराचा कंटाळा आला होता. कुठल्या सभेत कोण काय म्हणालं, कुठल्या रस्त्याचं काम रखडलं, हे ऐकून कुणाचं काय भलं व्हायचं? जांभया वाढल्या. एक दिवस मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "तात्या, मी म्हणतो रेडिओच लावू या. गाणी तरी होतील. शिवाय रेडिओला सोळा छत्र्या करून द्याव्या लागत नाहीत." सगळे हसले. तात्याही हसले. घरी जाऊन जेवले नाहीत.

त्याच आठवड्यात ते युद्ध सुरू झालं, आणि तात्यांना देव भेटल्यासारखं झालं. लोक तिकडे मरत होते हे त्यांना कळत होतं. पण आपल्या छातीवरचा दगड उतरला की दुसऱ्या कुणाच्या छातीवर गेला हे बघायला माणूस थांबत नाही.

युद्ध इतकं लांबचं होतं की पेपरवाल्यांनाही त्याचं फारसं पडलेलं नव्हतं. पाचव्या पानावर चार बोटं मजकूर यायचा. दोन देश, नावं अशी की उच्चारताना दात निखळावेत. इथून तिकडे कुणी गेलेलं नव्हतं, तिकडून इथे कुणी आलेलं नव्हतं, आणि काडीचा संबंध नसलेल्या त्या दोन देशांसाठी छत्रीच्या कारखान्यात आठ दिवसांत दोन तट पडले. पहिल्या दिवशी पेपरात छोटा नकाशा आला होता. तात्यांनी तो फिरवून सगळ्यांना दाखवला. एक देश वर, एक खाली. झालं, नावांची कटकट मिटली. तेव्हापासून ते "वरचे" आणि "खालचे" झाले.

वरच्यांचा पुढारी झाला लंबू. सांगाडे जुळवणारा, ताडमाड, मनानं हळवा. "वरचे लहान आहेत हो, मार खातायत बिचारे," एवढंच त्याचं कारण. मग साहजिकच खालच्यांची बाजू मुठ्यानं घेतली. मुठ्या म्हणजे मुठी बसवणारा, ठेंगणा, तोंडाचा फाटका. त्याचं कारण तर त्याहून सोपं होतं. लंबू वरच्यांकडे गेला होता. बावीस वर्षं दोघं एकाच बाकावर बसत होते आणि एकानं चहा गोड म्हटला की दुसऱ्याला तो फिका लागायचा. तीन वर्षांपूर्वी लंबूची मुलगी मुठ्याच्या मुलाला दिली, तेव्हापासून तर भांडायला हक्काचं नातंच मिळालं. लंबू आपल्या वाट्याचा एखादा सांगाडा गुपचूप मुठ्याच्या ढिगात सरकवायचा आणि शिलाई मशीनवरच्या मावशी लगेच ओरडायच्या, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!" मावशींचं तोंड आणि मशीन दोन्ही एकाच वेगानं चालायची.

काय चर्चा व्हायच्या त्या! ज्यांनी कधी कोंबडी कापलेली बघितली नव्हती ते तोफा कुठे लावायच्या ते सांगायचे. "वरच्यांनी डोंगर सोडायलाच नको होता." "अरे डोंगरावर पाणी कोण तुझा काका नेऊन देणार?" काड्या मांडून नदी व्हायची, रिळं मांडून रणगाडे व्हायचे. मावशी म्हणायच्या, "उंटावरून शेळ्या हाकू नका, टाके बघा, तिसरी छत्री वाकडी जातेय." पण त्याच मावशी अकरा वाजता मशीन बंद करून सगळ्यात आधी विचारायच्या, "तात्या, डोंगर पडला का हो?" मुकादमानं रेडिओचं नाव टाकलं. कामही जोरात व्हायला लागलं होतं, भांडणारा माणूस टाके पटापट घालतो. सोळाच्या जागी कधी कधी अठरा छत्र्या तात्यांच्या बाजूला येऊन पडायच्या.

तीन महिने असे गेले. मग एका मंगळवारी तात्यांनी पाचवं पान उघडलं आणि तिथे अकरा ओळी होत्या. दोन्ही देशांनी शस्त्रं खाली ठेवली होती. तह झाला होता. कैदी परत देणार होते. फोटोही नव्हता.

तात्यांनी मान वर करून बघितलं. आठ माणसं, आठ सुया, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या ढिगातली पहिली छत्री मावशींनी आधीच मांडीवर घेतली होती. तात्या म्हणाले, "आज फारसं काही नाही. दोन्ही बाजूंनी तुरळक गोळीबार." मनाशी म्हणाले, उद्या वाचू.

तो उद्या एकोणीस दिवस आला नाही.

पहिले दोन दिवस कुणी उठून जवळ आलं की तात्या पेपर मिटून घ्यायचे. मुकादमाला वाचता यायचं, पण तो फक्त शेवटच्या पानावरचे खेळ बघायचा. बाकीच्यांपैकी दोघांतिघांना सही करता यायची, तेवढीच. बाहेरच्या गावात त्या युद्धाची खबर कुणालाच नव्हती, त्यामुळे ते संपल्याचीही नव्हती. आणि पुरावा रोज एकपर्यंत मुठींना गुंडाळून जात होता. तिसऱ्या दिवशी तात्यांचा धीर चेपला. पाचव्या दिवशी, खरं सांगायचं तर, त्यांना मजा यायला लागली. पेपरातलं युद्ध कोरडं होतं, सगळं सूत्रांकडून समजलेलं. तात्यांच्या युद्धात धुकं होतं. लंगडणारा एक सेनापती होता, तो रोज सकाळी घोड्याला स्वतः चारा घालायचा. नदीच्या काठी आठ दिवस उपाशी राहिलेली एक तुकडी होती. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचणाऱ्या माणसाच्या पोटात इतकं साठलेलं असतं हे तात्यांनाही माहीत नव्हतं. पेपर डोळ्यांपुढे धरायचा, नजर भलत्याच मजकुरावरून फिरवायची आणि आवाज कापू द्यायचा नाही. वाण्यानं तराजू धरावा तसं ते सांभाळून चालत. आज वरच्यांना एक टेकडी, उद्या खालच्यांना एक गाव. कुणी नाराज होता कामा नये.

पण रोज टेकड्या आणि गावं ऐकून लोक पुन्हा सुस्तावले. सतराव्या दिवशी एक जण वाचन चालू असताना बाहेर पाणी प्यायला गेला. अठराव्या दिवशी मावशींनी तात्यांच्या ढिगातली एकच छत्री केली आणि म्हणाल्या, "डोळे दुखतायत आज." तात्यांना रात्री झोप लागली नाही. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी पूल पाडला.

दगडी पूल, दोन कमानींचा. पहाटेची वेळ. पुलावर एक बस, तीत बायकामुलं, घरदार सोडून निघालेली. पूल मधोमध खचला आणि बस नदीत गेली. तात्यांचा आवाज इथे खरंच भरून आला, कारण ती बस त्यांना दिसत होती. मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

"कुणी पाडला?" लंबूनं विचारलं. त्याचा आवाज चिरकला होता.

इथे तात्यांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. वरच्यांचं नाव घेतलं असतं तर लंबू रुसला असता, खालच्यांचं घेतलं असतं तर मुठ्या. तात्यांना दोघांच्याही दोन दोन छत्र्या हव्या होत्या. म्हणून खऱ्या पेपरासारखा आवाज काढून ते म्हणाले, "पूल नेमका कोणी पाडला, हे समजू शकलेलं नाही."

"समजायचंय काय त्यात?" लंबू म्हणाला. "खालच्यांनीच पाडला. त्यांची सवयच आहे ती."

"खालच्यांना पूल हवाच होता ना पुढे जायला! ते कशाला पाडतील? तुझ्या वरच्यांनीच पाडला. आपलीच माणसं मारायची आणि रडत बसायचं."

"बायकामुलं होती रे बसमध्ये."

"मग? वरच्यांनीच बसवली असतील मुद्दाम," मुठ्या म्हणाला, आणि हसला. त्याच्या मनात काही नव्हतं. लंबूला डिवचण्यासाठी तो बावीस वर्षं असाच हसत आला होता.

लंबूच्या हातात सांगाडा होता, आठही काड्या ताणून धरलेल्या, जोडणी अर्धी राहिलेली. "हसतोस? पोरं बुडाली आणि हसतोस?" म्हणत तो उठला आणि त्यानं मुठ्याला ढकललं, सांगाडा हातात असतानाच. एक काडी खोबणीतून सुटली. ताणलेली काडी सुटली की काय होतं ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणूनच सांगाडे जुळवताना तोंड बाजूला धरायचं हे पहिल्या दिवशी शिकवतात.

मुठ्याचा डावा डोळा गेला. लंबूनंच त्याला दोन्ही हातांवर उचलून रस्त्यापर्यंत पळवत नेला, लहान मुलासारखा रडत. हे सगळ्यांनी बघितलं.

पण रडणं एक दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी मुठ्याच्या घरून निरोप आला की सुनेनं यापुढे माहेरचा उंबरा चढायचा नाही. डोळा फोडणाऱ्याच्या घरी कसली जातेस? लंबूनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बुडालेल्या पोरांवर हसला तो. माझी चूक झाली, मान्य. पण हसला तो." पाचव्या दिवशी त्यातलं "माझी चूक झाली, मान्य" गळलं.

तात्यांनी काय करावं? त्यांनी युद्ध संपवलं. अपघातानंतर पहिल्यांदा स्टुलावर बसले आणि तहाच्या त्या अकरा ओळी, तोंडपाठ झालेल्या, त्या दिवसाची बातमी म्हणून वाचून टाकल्या. शस्त्रं खाली ठेवली, कैदी परत देणार. त्यांना वाटलं, सुटलो.

"ते ठीक आहे," एक जण म्हणाला, "पण पुलाचं काय?"

"पुलाचं काय म्हणजे? तह झाला."

"वा! म्हणजे पोरं मारणारे सुटले? तह करून पूल दाबला म्हणायचा." आणि ती चर्चा तासभर चालली. युद्ध संपलं ह्याचा आनंद एकालाही झाला नाही. तीन महिने ज्या देशांसाठी घसा कोरडा केला ते वाचले की मेले, कोण विचारतंय! सगळ्यांना तो पूल हवा होता, जो कुठेच नव्हता.

मुठ्या दीड महिना घरी होता. एका संध्याकाळी कारखाना सुटल्यावर त्याची सून, म्हणजे लंबूची मुलगी, कोपऱ्यावर तात्यांची वाट बघत उभी होती. हिला तात्यांनी लहानपणापासून बघितलेली. बापाचा डबा घेऊन यायची आणि दारात बसून उरलेल्या कापडाच्या बाहुल्या करायची. आता तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"तात्या, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार की."

"आई आजारी आहे. मला बघायलाही जाता येत नाही. सासरे म्हणतात, तुझ्या बापानं पुलासाठी माझा डोळा फोडला. बाबा म्हणतात, आधी तो हसल्याची माफी मागू दे. दोघंही पुलावरून हलत नाहीत." तिनं इकडेतिकडे बघितलं. "तुम्ही पेपर वाचता. एक दिवस असं वाचा ना, की पूल कुणीच पाडला नव्हता. आपोआप पडला. जुना होता. एवढंच वाचा तात्या. पेपरात नसलं तरी वाचा. कुणाला कळणार आहे?"

पोरीनं भोळेपणानं तेच मागितलं होतं जे ते एकोणीस दिवस करत आले होते. "मी इथे आले होते हे सासऱ्यांना कळू देऊ नका," एवढं म्हणून ती भराभर निघून गेली.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. शेवटी म्हणाली, "तिकडच्यांचं युद्ध त्यांनी मिटवलं. तुमचं तुम्ही मिटवा. आता आणखी एक खोटं वाचू नका, त्या पोरीसाठीसुद्धा नाही. खरं काय ते सांगून टाका आणि घरी बसा. खाऊ कसंतरी." तात्यांना तिच्याबद्दल इतकी माया फार वर्षांत वाटली नव्हती.

त्यांनी काम कच्चं ठेवलं नाही. वाचनालयात गेले, जुन्या गठ्ठ्यातून त्या मंगळवारचा अंक शोधला, हातापाया पडून दोन दिवसांसाठी मागून आणला. आणि मुठ्या कामावर आला त्या सकाळी, त्याच्या डोळ्यावर पांढरी पट्टी, लंबू बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून, तात्या अकराची वाट न बघता मधोमध उभे राहिले.

"ऐका. तो पूल नव्हता. मी बनवला होता. बस, बायकामुलं, सगळं माझ्या डोक्यातलं. युद्ध त्याआधी एकोणीस दिवस संपलं होतं. मी वाचलं नाही, कारण वाचलं असतं तर तुम्ही ऐकायला बसला नसता. माझ्या हातून आता टाके होत नाहीत." त्यांनी आखडलेली बोटं वर करून दाखवली. "तुमच्या दोघांचं भांडण माझ्यामुळे झालं. काय शिव्या घालायच्या त्या मला घाला, पण तुम्ही एकमेकांशी बोला."

मावशींचं मशीन थांबलं. तात्या तयारीत होते. लंबू अंगावर येईल, मुठ्या थुंकेल, आणि मग दोघं मिळून त्यांना बाहेर काढतील. मिळून काढतील, ह्यावरच तर त्यांची सगळी भिस्त होती.

आधी लंबू बोलला, शांतपणे. "पूल नव्हता म्हणजे मी उगाचच फोडला डोळा. गुन्हेगार नुसता. हेच म्हणायचंय ना तुम्हाला? त्याची पट्टी बघून विरघळलात."

"अरे, तसं नाही रे—"

"तुमचा आवाज भरून आला होता तात्या. मी ऐकलाय. खोट्यासाठी कुणी रडतं का?"

मग मुठ्या. त्यानं आपला एक डोळा तात्यांवर रोखला. "ह्याची पोरगी तुमच्याकडे आली होती ना? मला वाटलंच होतं. सासऱ्याला गुंडाळायला बापलेकीनं तुम्हाला गाठलं. बरं केलंत सांगितलंत ते. बघतो तिच्याकडे घरी गेल्यावर."

"नाही! ती नाही आली." तात्यांचा चेहरा पांढरा पडला, आणि तोच चेहरा मुठ्याला पुरला. तात्यांनी घाईघाईनं अंक उलगडला. "हे बघ, हा पेपर. तारीख बघ. हे इथे, अकरा ओळी. वाच."

"मी वाचू?" मुठ्या म्हणाला. "वाचणार तुम्हीच. तेव्हाही तुम्हीच वाचलंत."

तात्यांनी अंक मुकादमापुढे धरला. मुकादमाला वाचता येत होतं. पण कामाच्या वेळेत वाचन त्याच्या परवानगीनं चालत होतं, त्या वेळेत डोळा गेला होता, आणि मालकानं अजून काही विचारलं नव्हतं. त्यानं कागदाकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "अक्षर फार बारीक आहे. मला नका ह्यात ओढू." आणि जाऊन रजिस्टरात तोंड घातलं.

"मुठ्या," तात्या म्हणाले. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायचं त्यांनी सोडून दिलं होतं. "देवाशप्पथ सांगतो. तिथे काही झालं नव्हतं."

मुठ्यानं पट्टी वर सरकवली. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"मग हा कशात गेला?" तो म्हणाला. "सांगा ना. काहीच झालं नव्हतं, तर माझा डोळा कशात गेला?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून लंबूनं मान हलवली. दीड महिन्यात त्या दोघांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं, की तात्या खोटं बोलतायत.

दुसऱ्या आठवड्यात रेडिओ आला. लंबूच्या मुलीचं कोपऱ्यापर्यंत येणंही बंद झालं. नवरा कामावर जाताना बाहेरून कडी घालतो, असं मावशींच्या कानावर आलं होतं. महिन्याभरानं लंबूची बायको गेली, तेव्हा मुलीला आणलं ते चिता पेटल्यावर. तात्या गर्दीत मागे उभे होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कारखान्यातून त्यांना कुणी काढलं नाही, बायको म्हणाली तसे ते घरीही बसले नाहीत. सगळ्या छत्र्या आता त्यांच्याच होत्या. संध्याकाळी बाकीचे उठले तरी त्यांचा ढीग उरायचा आणि मुकादम रोज त्या ढिगाकडे बघून पुढे जायचा. काहीतरी ठरवत असावा.

एका सकाळी रेडिओवर गाणी चालू होती आणि लंबू नव्या कारागिराला पुलाची हकीकत सांगत होता. दगडी पूल, दोन कमानी, पहाट. तात्या खाली मान घालून एका टाक्याशी झगडत होते. सुई तिसऱ्यांदा निसटली. "बसमध्ये शाळेची पोरं होती," लंबू म्हणत होता, "गणवेशात." तात्यांनी त्या बसमध्ये गणवेश कधीच घातले नव्हते. शाळाही घातली नव्हती.

"किती होती रे?" नव्या कारागिरानं विचारलं.

"वीस तरी असतील."

"वीस कसली, जास्त होती," मुठ्या भिंतीकडे बघत म्हणाला. "पण कुणामुळे मेली ते सांग त्याला."

पुन्हा जुंपणार असं दिसलं. मावशींनी मशीन थांबवलं आणि सवयीनं खिडकीकडे वळून विचारलं, "तात्या, तेव्हा वाचलं होतंत तुम्ही. मधे तुमचं डोकं फिरलं होतं ते सोडा. किती होती हो पोरं?"

रेडिओचा आवाज कुणीतरी कमी केला. सगळे जण तात्यांकडे बघत होते.

तात्यांनी सुई खाली ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला. "तेवीस," ते म्हणाले. "दोन सापडली नाहीत."

मग मावशींनी हात लांब केला आणि त्यांच्या ढिगातली एक छत्री आपल्या मांडीवर ओढून घेतली.